नारळ मिळाल्यावर काय करायचं?

अरे, यूएफसीने (मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीने) नारळ दिला म्हणून लगेच ग्लोव्हज खुंटीला टांगू नकोस. अमेरिकन लढवय्या रॉबी लॉलरला 2004 मध्ये त्यांनीच सोडलं, तेव्हा तो जेमतेम 22 वर्षांचा. निक डायझने नॉकआउट केलेलं, मग इव्हान टॅनरने ट्रँगल चोकमध्ये (पायांनी मान आवळायचा डाव) अडकवलं. मधली वर्षं स्ट्राइकफोर्ससारख्या दुसऱ्या कंपन्यांत लढून काढली, 2013 मध्ये यूएफसीत परतला आणि 2014 च्या डिसेंबरात वेल्टरवेट या वजनगटाचा चॅम्पियन! (सगळ्यांचं असं होत नाही म्हणा.)

आधी करारमुक्ती लेखी घे, नाहीतर दुसरीकडे सही करताना अडकशील. नॉकआउट झाला असशील तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत स्पारिंगही (सरावाची लढत) बंद. मॅचमेकरवर (लढती जुळवणाऱ्यावर) रागाच्या भरात काही लिहू नकोस. नवा करार शक्यतो एकेका लढतीचाच कर, म्हणजे यूएफसीने परत बोलावलं तर मोकळा असशील.