‘पूर्वीसारखंच’ मधला च

“मॅडम, पूर्वीसारखं होईल ना?”

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आलं नाही असा आठवडा जात नाही. कधी बाळंतपणाच्या रजेनंतर ऑफिसला परतलेली मुलगी विचारते, कधी घशाच्या ऑपरेशननंतर सा लावायला घाबरणारा गायक, कधी आजारपणात अख्खं वर्ष गेलेल्या अकरावीतल्या मुलाचे वडील. हल्ली खेळणाऱ्या मुलांचे आईबाप फार येतात. म्हणून ही रेवाची गोष्ट. नाव खरं नाही, वय-गाव बदललंय, आणि दोन-तीन मुली मी एकीत मिसळल्या आहेत.

रेवा चौदा वर्षांची, जिम्नॅस्ट. उतरताना पाय वाकडा पडला, गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर आणि फिजिओ समाधानी होते. पोरगी मात्र बोलत नव्हती.

“दिवसभर मोबाईलवर त्या रशियन मुलीचे व्हिडिओ बघते,” आई म्हणाली. “आणि इकडे तिचं वय निघून चाललंय हो.”

पहिल्याच भेटीत मी चूक केली. “होशील गं पूर्वीसारखी,” म्हणून गेले. रेवाने माझ्याकडे असं पाहिलं, की घरी सगळे म्हणतात तेच तुम्ही फी घेऊन म्हणताय. बरोबरच होतं तिचं. तिला काय होईल हे मला कुठून ठाऊक असणार?

पुढच्या भेटीत मी दिलासा देणं सोडलं आणि म्हटलं, “मला जिम्नॅस्टिक्समधलं ओ की ठो कळत नाही. ती रशियन मुलगी कोण ते तरी सांग.”

इथे तिला कंठ फुटला. अलिया मुस्तफिना. मॉस्कोजवळच्या येगोर्येव्स्कची, १९९४ चा जन्म. वडील फर्हात मुस्तफिन कुस्तीगीर, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीत ब्राँझ मिळवलेले. (कुस्तीगीर बापाची लेक म्हटल्यावर मलाही जवळची वाटायला लागली.) २०१० मध्ये रॉटरडॅमच्या जागतिक स्पर्धेत सोळाव्या वर्षी ऑलराउंडचं, म्हणजे चारही साधनांवरच्या गुणांच्या बेरजेचं सोनं, संघाचं सोनं, शिवाय वॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी), बार्स (वरखाली दोन दांड्या) आणि फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरती) रुपं. मग एप्रिल २०११, बर्लिनची युरोपियन स्पर्धा. वॉल्टवरून अडीच फिरक्या घेऊन खाली आली आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. रेवाचं गेलं तेच.

“मग ती परत आली असेल ना?”

“आली. लंडन ऑलिंपिकला. २०१२.”

“ते व्हिडिओ बघतेस?”

“नाही.” बराच वेळ गप्प. मग, “लंडनला तिचा वॉल्ट सोपा आहे. अडीचच्या दोनच फिरक्या. तिथेच गुणांतले सात दशांश गेले तिचे. ती पूर्वीसारखीच नाही झाली, ताई.”

माझा कान त्या एका अक्षरावर अडकला. मी ज्या विचारपद्धतीत वाढले तिथे माणसाचं दुःख घटनेपेक्षा त्याच्या हट्टात शोधायला शिकवतात. माझ्या अनुभवात मराठी माणसाचा हट्ट नेमका सापडतो तो ‘च’मध्ये. व्हायलाच पाहिजे, जमलंच पाहिजे, तस्संच हवं. ‘पूर्वीसारखं व्हावं’ ही इच्छा आहे, आणि इच्छा माणसाला व्यायाम करायला उठवते. ‘पूर्वीसारखंच’ म्हटलं की ती अट होते. मग गुडघा रोज चार अंशांनी जास्त वाकू लागला तरी मोजणारीला तो नापासच दिसतो. पण हे चौदा वर्षांच्या मुलीला सांगितलं असतं तर व्याकरणाचा तास झाला असता. मी तिच्यापुढे कागद सरकवला.

“दोन रकाने कर. रॉटरडॅम आणि लंडन. कुठे काय मिळालं ते लिही. मला समजायला सोपं जाईल.”

तिने मान खाली घालून लिहायला घेतलं. ऑलराउंड: सोनं, आणि समोर ब्राँझ. “बघा,” म्हणाली. संघ: सोनं, समोर रुपं. “बघा ना.” फ्लोअर: रुपं, समोर ब्राँझ. वॉल्ट: रुपं, समोर रेघ. प्रत्येक ओळीला ती माझ्याकडे पाहत होती, खटला जिंकत आल्यासारखी. मीही धास्तावले होते, हे कबूल करते. उत्तर ठाऊक असून विचारलेला प्रश्न नव्हता तो. कागद तिच्या बाजूने निघाला असता तर मला तसं म्हणावं लागलं असतं.

शेवटी बार्स. डाव्या रकान्यात तिने ‘रुपं’ लिहिलं. उजव्या रकान्यात ‘सोनं’ लिहिलं आणि पेन तिथेच राहिलं.

पंखा फिरत होता. बाहेर रिक्षा वळली. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत मी काही कमावलं असेल तर अशा वेळी तोंड बंद ठेवणं.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “इथे जास्त आहे.”

“म्हणजे?”

“पूर्वीसारखीच झाली असती तर… बार्सवर रुपंच मिळालं असतं.”

हे वाक्य तिचं आहे. मी घरी जाऊन वहीत उतरवून ठेवलं. दुखापतीनंतरची मुस्तफिना म्हणजे जुनी मुस्तफिना वजा अर्धी फिरकी, असं ती आठवडेच्या आठवडे धरून बसली होती. कागदावर मात्र वेगळीच जिम्नॅस्ट निघाली. वॉल्टवर कमी, बार्सवर पहिल्यापेक्षा सरस. चार वर्षांनी रिओलाही बार्सचं सोनं तिचंच होतं.

आता त्यातली दुसरी बाजू. जागतिक स्पर्धेत किंवा ऑलिंपिकमध्ये ऑलराउंडचं सोनं तिला पुन्हा कधी मिळालं नाही. रेवाला मी हेही लपवू दिलं नाही. काही गोष्टी खरंच जातात, आणि त्यांच्यासाठी रडायला जागा लागते. त्याच भेटीत ती ऑपरेशननंतर पहिल्यांदा रडली. आई बाहेरून घाबरून डोकावली, मी हाताने थांबवलं.

आईशी बोलणं वेगळं झालं, आणि खरं तर जास्त महत्त्वाचं. लंडनच्या ऑलराउंड फायनलमध्ये मुस्तफिना बीमवरून (अरुंद पट्टीवरून, हे चौथं साधन) पडली होती, गुण १३.६३३. चारही साधनं मिळून ५९.५६६. अमेरिकेच्या अली रेझमनचेही नेमके तेवढेच. तेव्हाच्या नियमाने दोघींचा सगळ्यात कमी गुण बाजूला ठेवला आणि उरलेल्या तिन्हींची बेरीज केली. मुस्तफिना ४५.९३३, रेझमन ४५.३६६. ब्राँझ मुस्तफिनाला. मी हे सांगितल्यावर आई जरा वेळाने हसली. “आमच्याकडे उलटं आहे हो. आम्ही तोच एक आकडा घेऊन बसतो.”

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आता साधारण हेच सांगते. मुलीला ‘पूर्वीसारखी होशील’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘आज काय जमलं?’ एवढं विचारा आणि उत्तर छोटं असलं तर छोटंच राहू द्या. जुन्या पदकांसोबतचे फोटो भिंतीवरून काढायची गरज नाही, पण पाहुण्यांसमोर त्यांची तीच कथा पुन्हापुन्हा नको. पोरगी ऐकत असते. मैदानावर कधी उतरायचं ते डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील, समुपदेशक नाही, आणि शेजारच्या क्लबमधली मुलगी सहा महिन्यांत उतरली म्हणून तुमचीही नाही. वयाचं घड्याळ घरात मोठ्याने वाजवू नका. मुस्तफिना रिओला जवळजवळ बावीस वर्षांची होती. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, ‘कशालाच अर्थ नाही’ अशी भाषा सुरू झाली, तर माझ्यासारखीची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

‘च’ काढायचा तर तो आधी स्वतःच्या बोलण्यात मोजा. रेवाच्या आईने एका रविवारी मोजला. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा झाले, मग सोडून दिलं म्हणाली.

रेवाला फिजिओने आधी बारवर नुसतं लटकायची परवानगी दिली. उतरताना सर तिला उचलून घ्यायचे. याची तिला आधी लाज वाटायची, नंतर ती सरांना मुद्दाम ताटकळत ठेवायला लागली. शेवटच्या भेटीला आली तेव्हा तळहातांवर ताजे फोड होते आणि ते तिने मला अंगठी दाखवावी तसे दाखवले.

“आणि वॉल्ट?” मी विचारलं.

“डॉक्टर हो म्हणाले तर करीन.”

मी नीट कान देऊन ऐकलं. ‘करीनच’ नव्हती म्हणाली.