गोळी बंद केली तरी आप्पा ठणठणीत, मग गरज होती का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, तासगावजवळच्या खेड्यातून लिहितोय. आप्पांना अटॅक येऊन गेलाय, त्यानंतर दोनदा अचानक धडधड सुटून डोळ्यापुढं अंधारी आली, दुसऱ्या वेळी तर मिरजेला नेऊन शॉकच द्यावा लागला, ईसीजीत व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटलेली धोक्याची धडधड, आहे म्हणाले. तेव्हापासून ठोके ताळ्यावर ठेवायची अमियोडारोन 200 मिलिग्रॅमची गोळी रोज एक. पण आता बागेत गेलं की तोंड भाजल्यासारखं लाल होतंय, कपाळ काळपट पडलंय, थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच वाढून 14 आलाय. महिन्यामागं आप्पांनी आपल्या मनानंच गोळी सोडली आणि काहीच झालं नाही. म्हणजे गरज नव्हतीच ना? आणि द्राक्षं खाऊ नका असं एकजण म्हणाला, ते खरं का?

उत्तर: महिनाभर काही झालं नाही म्हणून गरज नव्हती, हा हिशोब या गोळीला लागू नाही. अमियोडारोन चरबीत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात मुरतं आणि त्यातलं निम्मं अंगातून जायलाच सरासरी 50-60 दिवस लागतात, कुणाकुणाला 100 च्या वर. म्हणजे आप्पांनी गोळी सोडली असली तरी गोळीनं आप्पांना अजून सोडलेलं नाही, आधीच्या साठ्यावरच चाललंय सगळं. तो उतरत जाईल तसा धोका वाढणार, आणि कधी वाढला ते कळायचं नाही. अटॅकमध्ये हृदयाचा जो भाग मेला तिथं व्रण राहतो, त्याच्याभोवती करंट गरागरा फिरायला लागला की ठोके 180-200 वर जातात, तो व्रण काही भरून आलेला नाही. तेव्हा याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडं जा, रागावतील म्हणून महिन्याची गोष्ट लपवू नका, आणि घरच्या घरी परत सुरूही करू नका, किती नि कशी ते त्यांना ठरवू द्या. मधे अंधारी आली किंवा धडधड थांबेना तर वाट बघत बसू नका, सरळ 108.

आप्पांची तक्रार मात्र खोटी नाही हां. 200 च्या एका गोळीत साधारण 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, मग थायरॉईड बिघडणार नाही तर काय! पण टीएसएच वाढला, म्हणजे थायरॉईड मंद झालं, म्हणून अमियोडारोन लगेच बंद करत नाहीत, टी-4 हा थायरॉईडचा हार्मोन किती आहे ते बघून लागली तर थायरॉक्सिनची गोळी जोडतात. उलटं झालं, थायरॉईड जोरात चाललं, म्हणजे वजन उतरायला लागलं, हात थरथरायला लागले, तर ते जास्त घाईचं, कारण त्यात ठोके आणखी बिघडतात.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिलच्या खरड छाटणीला आप्पांना दुपारचं बागेत उभं करू नका. लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, झिंक ऑक्साइडचं क्रीम. गाडीच्या काचेआड बसूनही त्रास होतो, कारण त्रास देणारे किरण काचेतून येतात. काळपटपणा डोस कमी झाला तर हळूहळू उतरतो, सगळाच जाईल असं नाही.

द्राक्षं खुशाल खाऊ द्या, बेदाणेही. चालत नाही ते ग्रेपफ्रूट, पपनसाच्या भाईबंदांतलं फळ.

आणि आयसीडीचं, म्हणजे छातीत बसवायच्या छोट्या मशीनचं, कुणी बोललंय का तुमच्याशी? नसेल तर स्वतःहून विचारा. गोळीनं अशी धडधड कमी वेळा सुटते, पण सुटलीच तर जागच्या जागी शॉक देणारं ते मशीन. कमजोर हृदयाच्या पेशंटवरचा एक मोठा अभ्यास 2005 मध्ये आला, त्यात अमियोडारोननं मृत्यू कमी झाले नाहीत, आयसीडीनं झाले. खर्चाचं गणित अवघड असतं हे मलाही माहितीय, तरी विचारा.

प्रश्न: कराडहून. आईलाही हीच गोळी चालू आहे. बरेच दिवस कोरडा खोकला आहे, मेडिकलमधून सिरप आणून देतोय. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. या गोळीवरच्या माणसाला खोकला रेंगाळला किंवा जिना चढताना दम लागायला लागला की आधी छातीचा एक्स-रे, गरज पडली तर सीटी, कारण फुप्फुसाला सूज येऊ शकते आणि ती लवकर सापडली तरच आवरते. मेडिकलवाल्यानं सोबत अझिथ्रोमायसिन दिलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, दोन्ही मिळून ठोके आणखी बिघडू शकतात. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर तेही सांगा, अमियोडारोनबरोबर तिचा डोस बराच कमी करावा लागतो. थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी दर 6 महिन्यांनी, एक्स-रे वर्षातनं एकदा. शेवटचा कधी काढलाय ते आजच फाईलीत बघा.