कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या नावावर नक्की किती चॅम्पियनशिप आहेत, चार की सहा?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या नावावर कुठे चार विजेतेपदं लिहिलेली दिसतात, कुठे सहा, तर खरा आकडा कोणता? आणि ज्याने हा खेळ शोधला तो माणूस ज्या विद्यापीठात राहिला, तिथल्या संघाला इतक्या वर्षांत एवढीच विजेतेपदं का? मी २००६ ते २००८ लॉरेन्सला, म्हणजे या विद्यापीठाच्या गावी, एमएस करत होते. नागपूरला शाळेच्या संघातून खेळायचे, त्यामुळे खेळ ओळखीचा होता. पण तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात या संघाने जो जीव लावला तो आजपर्यंत सुटलेला नाही. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आकडा चार. ज्या स्पर्धेला सगळे मार्च मॅडनेस म्हणतात ती एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेची, राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. कॅन्ससने ती १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ मध्ये जिंकली. उरलेली दोन विजेतेपदं १९२२ आणि १९२३ ची आहेत. तेव्हा अशी स्पर्धाच नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी लॉस एंजेलिसच्या हेल्म्स फाउंडेशनने जुने निकाल चाळून त्या त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ ठरवला, आणि त्या यादीत ही दोन वर्षं कॅन्ससच्या वाट्याला आली. विद्यापीठाने त्यांचेही बॅनर लावले आहेत, म्हणून सहा. मी मात्र चारच मोजते. समोरच्याला मैदानात हरवून मिळवलेलं आणि मागाहून कागद बघून दिलेलं एका तागडीत घालू नये असं मला वाटतं. १९२३ चा संघ भारी होता हे खरंच, १८ सामन्यांत एकच हार.

आता "एवढीच का". कॅन्सस आजवर दहा वेळा अंतिम सामन्यात पोचलं, चार जिंकलं आणि सहा हरलं: १९४०, १९५३, १९५७, १९९१, २००३ आणि २०१२. स्पर्धा बाद पद्धतीची आहे. आज ६८ संघ असतात, आणि अव्वल मानांकन असलेल्या संघालाही तीन आठवड्यांत लागोपाठ सहा सामने जिंकावे लागतात. एनबीए या व्यावसायिक लीगसारखी सात सामन्यांची मालिका नाही. एका रात्री हात चालले नाहीत की नोव्हेंबरपासूनची सगळी मेहनत तिथेच संपते. याउलट कॉन्फरन्सचे, म्हणजे ठरावीक विद्यापीठांच्या गटाचे, साखळी सामने दोन-अडीच महिने चालतात, त्यातले निम्मे परक्याच्या मैदानावर, त्याच्या प्रेक्षकांपुढे. तिथे कॅन्ससने २००५ ते २०१८ अशी सलग चौदा वर्षं बिग ट्वेल्व या आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद घेतलं. त्याआधीचा विक्रम लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा, तेरा वर्षांचा. संघ किती चांगला आहे हे मला त्या चौदा वर्षांवरून जास्त कळतं. मार्चमधल्या बॅनरवरून एवढंच कळतं की त्या वर्षीच्या सहाही रात्री पार पडल्या.

पण या संघाचं मोठेपण नुसत्या बॅनरमध्ये शोधलंत तर अर्धंच हाती लागेल. मला तो संगीतातल्या घराण्यासारखा वाटतो. मूळ पुरुष जेम्स नेस्मिथ. मूळचा कॅनडाचा. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला त्याने पीचच्या टोपल्या ठोकून, तेरा नियम लिहून हा खेळ काढला. १८९८ साली तो कॅन्ससला आला आणि तिथला पहिला कोच झाला. त्याच्या कारकिर्दीत संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. कॅन्ससच्या कोचमध्ये जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला तो एकटाच. त्याला त्याचं फारसं वाटलं नसावं, कारण मुलांनी हा खेळ मजेत खेळावा, त्यात शिकवायचं काय, असंच त्याचं म्हणणं होतं.

त्याचा शिष्य फॉग ॲलन याला हे पटलं नाही. खरं नाव फॉरेस्ट, पण बेसबॉलचा पंच असताना आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा, फॉगहॉर्नसारखा, म्हणून फॉग. आधी दोन वर्षं आणि मग १९१९ ते १९५६ असा सलग तो कॅन्ससचा कोच होता. बास्केटबॉल शास्त्रशुद्ध शिकवता येतो हे त्याने दाखवून दिलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला त्यामागे त्याचीच खटपट, आणि ते बघायला म्हातारा नेस्मिथ बर्लिनला जाऊ शकला. तीन वर्षांनी नेस्मिथ लॉरेन्समध्येच गेला. त्याची समाधी गावात आहे, मी पहिल्याच वर्षी जाऊन आले.

ॲलनच्या हाताखाली खेळलेल्यांपैकी एक होता ॲडॉल्फ रप. त्याने पुढे केंटकी विद्यापीठाला चार विजेतेपदं मिळवून दिली. दुसरा डीन स्मिथ, जो १९५२ च्या विजेत्या संघात राखीव खेळाडू होता. त्याने नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा संघ घडवला. रपच्या ८७६ विजयांचा विक्रम १९९७ मध्ये मोडला तो स्मिथनेच. दोघेही एकाच गुरूचे. म्हणजे कॅन्ससची विजेतेपदं मोजताना त्याच्या हातून दुसऱ्यांकडे गेलेलीही डोळ्यांसमोर ठेवायला हवीत. आणि गंमत पुढे आहे: या घराण्याची मुलं पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर उभी राहिली.

१९५२ चं पहिलं विजेतेपद तसं सरळ आलं. सिएटलला सेंट जॉन्सला ८०-६३ हरवलं. क्लाइड लव्हलेटने अंतिम सामन्यात ३३ गुण केले. त्या वर्षी देशात सर्वाधिक सरासरी त्याचीच होती, आणि त्याच उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या अमेरिकन संघात कॅन्ससचे सात जण होते. पुढच्याच वर्षी इंडियानाकडून अंतिम सामन्यात ६९-६८, एका गुणाने हार.

मात्र लॉरेन्समधली जुनी माणसं अजून बोलतात ती १९५७ बद्दल. विल्ट चेंबरलेन, सात फूट एक इंच, त्याला अडवणारा देशात कोणी नव्हता. अंतिम सामना कॅन्सस सिटीला, म्हणजे घरापासून तासाभराच्या अंतरावर. समोर नॉर्थ कॅरोलिना, त्या मोसमात एकही सामना न हरलेला संघ. सामना सुरू करताना पंच दोघांच्या मधे चेंडू वर टाकतो, त्या उडीला त्यांच्या कोचने विल्टसमोर सहा फूटही उंची नसलेला टॉमी कर्न्स पाठवला. उडी कोण जिंकणार हे ठरलेलंच होतं, पण त्या दृश्यानेच विल्टला अवघडल्यासारखं झालं असणार. तिघंतिघं त्याच्याभोवती कडं करून उभे राहायचे. सामना ४६-४६ बरोबरीत सुटला, पहिल्या जादा वेळेनंतर ४८-४८, आणि दुसऱ्या जादा वेळेत कोणाचा एकही गुण नाही! तेव्हा चेंडू किती वेळ धरून ठेवायचा याला मर्यादा नव्हती. तिसऱ्यात, सहा सेकंद उरले असताना नॉर्थ कॅरोलिनाच्या जो क्विगने दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे मोकळे नेम, टाकले. ५४-५३. कॅन्ससने शेवटचा चेंडू विल्टकडे उंच टाकला, तो मधेच क्विगनेच उडवला.

विल्टला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला, हरलेल्या संघातला असूनही. पण आपण विद्यापीठाला खाली पाहायला लावलं हे त्याच्या मनात घर करून राहिलं. वर्षानुवर्षं तो लॉरेन्सला फिरकला नाही. शेवटी १९९८ च्या जानेवारीत त्याची १३ नंबरची जर्सी निवृत्त करायला आला, अंगात विद्यार्थीदशेतलं जुनं जाकीट घालून. त्याचं चित्रण मी पाहिलं आहे. सगळं सभागृह उभं, टाळ्या थांबत नाहीत, आणि एवढा मोठा माणूस गळा दाटून बोलतोय. पुढच्या वर्षी तो गेला. तो येऊन गेला याचं समाधान तिथल्या माणसांच्या बोलण्यात मला नेहमी जाणवलं.

दुसऱ्या विजेतेपदाला ३६ वर्षं लागली. १९८८ चा संघ अकरा सामने हरलेला, स्पर्धेतल्या आपल्या विभागात मानांकन सहावं. इतके सामने हरून कोणी विजेता झालेलं नाही. डॅनी मॅनिंगने तो संघ अक्षरशः पाठीवर घेतला. ओक्लाहोमाने त्यांना त्याच मोसमात दोनदा हरवलं होतं. अंतिम सामन्यात मध्यंतराला ५०-५० आणि शेवटी ८३-७९. मॅनिंगचे ३१ गुण, १८ रिबाउंड, म्हणजे नेम चुकल्यावर परतलेले चेंडू पकडणं. कोच लॅरी ब्राउन लगेच एनबीएत गेला आणि नियमभंगावरून कॅन्ससला पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत खेळायलाच बंदी झाली.

मग आला रॉय विल्यम्स, डीन स्मिथचा शिष्य. घराण्याची विद्या फिरून घरी आली म्हणा. पंधरा वर्षं तो होता. १९९१ ला अंतिम सामन्यात ड्यूककडून हार. १९९७ चा संघ सगळ्यात देखणा म्हणतात, ३४ विजय आणि दोन पराभव, पण दुसरा पराभव ॲरिझोनाकडून नेमका स्पर्धेत झाला. २००३ ला सिरॅक्यूजकडून ८१-७८. त्या सामन्यात कॅन्ससने ३० पैकी १८ फ्री थ्रो चुकवले. अठरा! आणि हरले तीन गुणांनी. त्यानंतर विल्यम्स नॉर्थ कॅरोलिनाला गेला, गावाने ते मनाला लावून घेतलं, आणि बिल सेल्फ आला.

आता माझं वर्ष, २००८. त्याआधी संघाच्या घरच्या मैदानाबद्दल, फील्डहाऊसबद्दल, चार शब्द, कारण न पाहता ते कळत नाही. ॲलन फील्डहाऊस १९५५ चं. वर "फॉगपासून सावध" असा इशारा देणारं कापड टांगलेलं. पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना सगळे विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरतात, जणू आत कोणी आलेलंच नाही. आपली नावं आली की त्याच कागदाचे कपटे हवेत. आणि सामना हातात आला की शेवटच्या मिनिटाला 'रॉक चॉक जेहॉक' ही विद्यापीठाची घोषणा सुरू होते, अगदी संथ, ओढून ओढून. सोळा हजार माणसं एका सुरात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मंदिराच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं होतं. जिंकल्यावर सगळे हात वर करून डोलवतात, वाऱ्यावर गव्हाचं शेत डोलावं तसे. कॅन्सस गव्हाचा मुलूख.

त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत स्टेफन करीच्या डेव्हिडसनला ५९-५७ असं कसंबसं मागे टाकलं. उपांत्य सामन्यात समोर रॉय विल्यम्सचं नॉर्थ कॅरोलिना. एका क्षणी ४०-१२! ८४-६६ ने जिंकलो. गावातली पाच वर्षांची सल त्या रात्री निघाली.

अंतिम सामना ७ एप्रिलला, सॅन अँटोनियोत, मेम्फिसशी. आम्ही सात-आठ जणी एका खोलीत टीव्हीसमोर. दोन मिनिटं बारा सेकंद उरले असताना कॅन्सस ६०-५१ असं नऊ गुणांनी मागे. माझी रूममेट "मला बघवत नाही" म्हणत उठली आणि सिंकपाशी भांडी घासायला लागली. मेम्फिसचे फ्री थ्रो चुकायला लागले. शेवटच्या सव्वा मिनिटात पाचपैकी चार. २००३ मध्ये ज्याने आपल्याला बुडवलं त्यानेच आता समोरच्याला बुडवलं. दहा-अकरा सेकंद असताना डेरिक रोझचा दोनपैकी एक पडला, ६३-६०. शेरॉन कॉलिन्स चेंडू घेऊन धावला, घसरता घसरता त्याने तो मारिओ चामर्सला दिला, आणि चामर्सने डोक्यावरून टाकलेला थ्री-पॉइंटर जाळीत गेला तेव्हा घड्याळात २.१ सेकंद होते. रूममेट हाताला साबण तसाच घेऊन धावत आली. आम्ही सगळ्या एकदम ओरडलो, "तू तिकडेच थांब!" क्रिकेट बघताना आपल्याकडे कोणाला जागेवरून हलू देत नाहीत, तसं. जादा वेळेची पाचही मिनिटं ती ओट्यापाशी उभी होती. ७५-६८. मग सगळं गाव मॅसॅच्युसेट्स स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर. कडाक्याचा गारठा, आणि स्वेटर घरी राहिल्याचं कोणाच्या लक्षातही नव्हतं.

त्यानंतरची वर्षं पुन्हा बाद पद्धतीची शिक्षा. २०१० ला अव्वल मानांकन असून नॉर्दर्न आयोवाकडून हार, २०११ ला व्हीसीयूकडून (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ), २०१२ ला अंतिम सामन्यात केंटकीकडून. २०१८ ला संघ शेवटच्या चारांत पोचला, पण एका खेळाडूच्या पात्रतेच्या प्रकरणात ती नोंद पुढे रद्द झाली. जुन्या आणि नव्या याद्यांमध्ये त्या बाबतीत फरक दिसेल तो त्यामुळे. २०२० चा संघ २८-३, देशात पहिला क्रमांक, आणि कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही. त्या मुलांचं मला फार वाईट वाटतं. हरण्याचीही संधी मिळाली नाही.

आणि २०२२. ठिकाण न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम, जिथे कॅन्सस १९९३ ला उपांत्य सामना आणि २००३, २०१२ ला अंतिम सामना हरलेलं. समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलिना. त्यांचा कोच ह्यूबर्ट डेव्हिस, डीन स्मिथच्या हाताखाली खेळलेला. १९५७ नंतर ६५ वर्षांनी तेच दोन संघ, त्याच सामन्यासाठी.

मी तोवर पुण्याला परत आले होते. पाडवा होऊन तीनच दिवस झालेले, मंगळवारची सकाळ, पावणेसातपासून लॅपटॉपसमोर. मध्यंतराला २५-४०. पंधरा गुणांनी मागे, त्याआधी एकदा तर सोळांनी. अंतिम सामन्यात एवढी पिछाडी कोणी भरून काढलेली नव्हती. मी लॅपटॉप मिटायच्या बेतात असताना फोनवर रूममेटचा मेसेज आला. ती आता ऑस्टिनला असते, तिथे रात्रीचे नऊ वाजून गेलेले.

"ओट्यापाशी जाऊन उभी राहते आहे."

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दहा मिनिटांत कॅन्ससने सगळं अंतर कापलं आणि पुढे गेले. शेवटच्या दीड मिनिटात डेव्हिड मॅकॉर्मॅकने रिंगजवळ दोन बास्केट केले, ७२-६९. कॅलेब लव्हचा शेवटचा थ्री-पॉइंटर चुकला. मी तिला फोन लावला तेव्हा मागे नळाचं पाणी वाहत होतं.