बालीतल्या खेड्यात भारतीयाला जमीन घेऊन राहता येईल का?

राहता येईल, पण जमीन तुमच्या मालकीची होणार नाही. इंडोनेशियाच्या १९६०च्या जमीन कायद्यानुसार 'हाक मिलिक', म्हणजे मालकीचा हक्क (हा 'हाक' म्हणजे आपला हक्कच), परदेशी नागरिकाला मिळत नाही. भाडेपट्टा किंवा 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क, एवढंच. स्थानिक माणसाच्या नावावर घ्या असं कुणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. व्यवहार रद्दबातल ठरतो आणि पैसे बुडतात.

आधी सिदेमेनसारख्या गावात भाड्यानं राहून बघा. तिथे भातखाचरांचं पाणी 'सुबाक' ही शेतकऱ्यांची संस्था वाटते. उंबऱ्याशी रोज नारळाच्या कोवळ्या पानांच्या द्रोणात फुलं ठेवलेली दिसतील, ती ओलांडू नका. बस फारशा नाहीत, स्कूटर लागतेच. न्येपीला, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या मौनदिनाला, तर विमानतळही २४ तास बंद असतो, त्यामुळे तिकीट तारीख बघून काढा.