बाबांची सही

"मॅडम, आईला बाबांची आठवण पुसून टाकायचीय का हो?" समुपदेशनाच्या खोलीतल्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने मला विचारलं. वय २६. वडील हार्ट अटॅकने जाऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. आई, धाकटा भाऊ आणि ती, तिघांनी एकाच दिवशी बाबांच्या सहीचा टॅटू काढायचा, असं तिने ठरवलं होतं. ॲडव्हान्सही देऊन झाला होता. भाऊ लगेच तयार झाला. आई 'नको' म्हणाली आणि घरात अबोला सुरू झाला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. टॅटूमुळे जखम कायम ओली राहील का, ही एक भीती. घरातलं एखादं माणूस नको म्हणालं की त्याच्या मायेवरच शंका, हे दुसरं. पहिल्या भीतीत मला फारसं तथ्य दिसत नाही. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय दुःख सरत नाही, या समजुतीला १९९० च्या दशकात मानसशास्त्रातूनच आव्हान मिळालं. आपण तर हार घातलेल्या फोटोखाली बसून रोज जेवतो! घाई मात्र मला खटकते.

कुठली सही, असं विचारल्यावर तिने पिशवीतून सातवीचं प्रगतिपुस्तक काढलं. गणितात ३८. 'पालकाची सही' या रकान्यात निळी शाई, शेवटच्या अक्षराची शेपटी थेट बाईंच्या शेऱ्यावर गेलेली. "ओरडले नाहीत. सही केली आणि भेळ खायला नेलं. आईला अजून माहीत नाही."

म्हणजे ही सही त्या दोघांची होती. आईची नव्हतीच.

भावाला छातीवर हवी होती, काळजाजवळ. तो सैन्यभरतीची तयारी करत होता. तिथे साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंतचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो. हे त्या उत्साहात कुणी बघितलंच नव्हतं.

आई तिसऱ्या भेटीला आली. 'लोक काय म्हणतील' ही तिची अडचण असणार, असं मी मनात धरून बसले होते. तिने बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या वर हिरवट, पसरलेली अक्षरं. "लग्नानंतर जेजुरीला गेलो होतो. दोघांनी गोंदवून घेतलं. माझ्या हातावर यांचं नाव, यांच्या हातावर माझं." मग बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. "गोंदण तेवढं सोबत येतं, असं आजी म्हणायची. माझं नाव गेलं यांच्याबरोबर. आता परत काय काढू?"

मी काढलेला अंदाज सपशेल चुकला होता. हे मुलांना सांगाल का, एवढंच मी विचारलं. त्यांनी पुढच्या भेटीत, माझ्यासमोरच सांगितलं. मुलीने आईचा हात उलटासुलटा करून पाहिला. लहानपणापासून रोज बघितलेलं ते नाव, पण त्याची गोष्ट कधी विचारलीच नव्हती. मग तिनेही प्रगतिपुस्तक आईच्या पुढ्यात ठेवलं. "३८?" आई म्हणाली. त्या खोलीत पहिल्यांदाच तिघं हसली.

टॅटू वर्षश्राद्धानंतर, आणि ज्याला हवा त्यानेच, असं ठरलं. वर्षश्राद्धाला भाऊ-बहिणीला रक्तदान करायचं होतं आणि टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही, या हिशेबाने थांबणं सोपं गेलं. बारीक रेघा काही वर्षांत पसरतात, म्हणून सही जरा मोठी करून घे, असं तिला सुचवलं. आईच्या हातावरचा पुरावा समोर होताच. भावाने भरती होईपर्यंत विषय बाजूला ठेवला.

वर्षभराने मुलीचा फोन आला. टॅटू काढताना आई बरोबर गेली होती, दुसरा हात धरून बसली होती. मशीन सुरू झाल्यावर म्हणाली, "जेजुरीचं याच्यापेक्षा फार आवाज करायचं. तुझे बाबा घाबरले होते."