रफ वही रद्दीत घालू नका
वाचकांचे प्रश्न : बी.एस्सी. आणि पोर्टफोलिओ

प्रश्न : मी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात संशोधन प्रकल्प होत नाहीत, फक्त ठरलेली प्रॅक्टिकल्स असतात. माझ्याकडे वेबिनार आणि कार्यशाळांची १४ प्रमाणपत्रं आहेत. एवढ्यावर पोर्टफोलिओ होईल का?

उत्तर : प्रमाणपत्रांवर होणार नाही, प्रॅक्टिकल्सवर नक्की होईल. वेबिनारच्या प्रमाणपत्रावरून तुम्ही हजर होता एवढंच कळतं. पोर्टफोलिओ म्हणजे तुमच्या निवडक कामाचा संच. तो उघडणाऱ्याला हे बघायचं असतं, की तुमचा हात कसा चालतो आणि रीडिंग बिघडलं की तुम्ही काय करता. ज्या अभ्यासक्रमांना रीतसर परीक्षा होती, एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन) अभ्यासक्रमांसारखी, ते गुणांसकट एका ओळीत लिहा. बाकीची प्रमाणपत्रं घरच्या फाइलीत राहू द्या.

आता एक अगदी नेहमीचं प्रॅक्टिकल घेऊ : पोटॅशियम परमँगनेट वापरून बीअर-लँबर्टचा नियम, म्हणजे द्रावण जितकं तीव्र तितका त्यात जास्त प्रकाश शोषला जातो. उद्देश, तक्ता, आलेख आणि ‘नियम पडताळला’ हे फेअर जर्नलमध्ये अख्ख्या बॅचचं सारखंच असतं. पोर्टफोलिओत त्याच प्रयोगाला दोन पानं द्या आणि सुरुवात द्रावणापासून करा. ०.००१ मोलरचं १०० मिली द्रावण करायला ०.०१५८ ग्रॅम परमँगनेट लागतं. तराजू १ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर वजनातल्या एका मिलिग्रॅमच्या फरकाने ६ टक्क्यांची चूक होते. म्हणून ०.१५८ ग्रॅम घेऊन आधी १०० मिली ०.०१ मोलर द्रावण करायचं, त्यातलं १० मिली पिपेटने घेऊन पुन्हा १०० मिलीपर्यंत न्यायचं. वजनाची चूक आता पाऊण टक्क्याच्या आत येते. तुम्ही असं केलं असेल तर का केलं ते लिहा. केलं नसेल तर पुढच्या वेळी करा आणि दोन्ही वेळची रीडिंग शेजारी शेजारी मांडा.

या द्रावणाचे १, २, ३ आणि ४ मिली घेऊन पाणी घालून प्रत्येकी १० मिली केले, तर ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या छोट्या काचेच्या भांड्यात) अ‍ॅब्सॉर्बन्स (द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचं माप) साधारण ०.२४, ०.४८, ०.७२, ०.९६ असा चढत जातो. फिल्टरचा कलरीमीटर असेल तर आकडे वेगळे येतील, जे येतील तेच लिहा. मग ८ मिलीचंही एक द्रावण मुद्दाम करा. सरळ रेषेच्या हिशोबाने १.९ यायला हवं, पण साध्या उपकरणावर बहुतेकदा कमी येतं आणि रेषा वाकते. इतक्या गडद द्रावणातून डिटेक्टरपर्यंत जेमतेम सव्वा टक्का प्रकाश पोचतो आणि उपकरणात भलतीकडून शिरलेला थोडासा प्रकाशही त्यात मिसळून आकडा खाली ओढतो. जर्नल उतरवताना मुलं हा बिंदू गाळून टाकतात. पोर्टफोलिओत तो ठेवा आणि शेजारी कारण लिहा. आम्हाला विचाराल तर त्या दोन पानांतला सगळ्यात मोलाचा बिंदू तोच.

शेवटी ब्लँकचं, म्हणजे नुसत्या पाण्याचं, रीडिंग पुन्हा घ्या. शून्याऐवजी ०.०२ दिसलं तर क्युव्हेट उजेडाकडे धरून पाहा. आतल्या काचेवर फिकट तपकिरी थर असेल. तो मँगनीज डायॉक्साइडचा. आम्ल घातलेल्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने तो निघतो. हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही सगळी रीडिंग पुन्हा घेतली, एवढी दोन वाक्यंही नोंदीत हवीत.

आणि कळकळीने सांगतो, रीडिंग जुळवू नका. ‘उत्तर आलं पाहिजे’ म्हणून शेजारच्या टेबलावरचा आकडा उतरवायची सवय व्हायव्हापुरती खपते. मुलाखतीत मात्र त्या आकड्यावर तिसरा प्रश्न आला की तुमच्याकडे उत्तर नसतं. खरा पुरावा रफ वहीतच असतो. पानांना क्रमांक घाला, तारीख टाका, शाईच्या पेनाने लिहा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो काढून ठेवा. फेअर जर्नल विभागात जमा करण्याआधी तेही स्कॅन करा, कारण ते परत हातात येईलच असं नाही.

प्रश्न : टी.वाय. वनस्पतिशास्त्र. सहलींचे मोबाइलमध्ये शेकडो फोटो आहेत आणि काही वाळवलेले नमुने. यातलं काय घ्यावं?

उत्तर : ८-१० नमुने पुरेत, पण प्रत्येकाची नोंद पूर्ण हवी. तारीख, गाव, तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन कातळाची की ओढ्याकाठची, झाडाची उंची आणि फुलाचा रंग. रंग जागेवरच लिहा, वाळल्यावर तो उडतो. लेबल नसलेल्या नमुन्याला अभ्यासात किंमत नाही, कितीही सुरेख दाबलेला असो.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त नासाडी बुरशीने होते. पहिले चार-पाच दिवस वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागतात. जाड देठ आणि मांसल पानं असतील तर आणखी काही दिवस. पान करपून काळं पडलं की समजावं, कागद उशिरा बदलले. नमुने चिकटवण्याचा कागद साधारण ४२ × २९ सेंटिमीटरचा असतो. लेबल खाली उजव्या कोपऱ्यात.

फोटो निवडताना अख्खं झाड, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ असल्यास फळ, असे निवडा. शेजारी पट्टी ठेवलेली असावी. मूळ फोटोच जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद गळते. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव आणि नमुना क्रमांक असा क्रम ठेवलात तर सगळं आपोआप रांगेत लागतं.

कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा पोर्टफोलिओत देऊ नका, तालुका पुरे. कंदांसाठी ती खणून नेली जातात. संरक्षित क्षेत्रातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काही तोडून आणलं असेल तर तो नमुना दाखवायचाच नाही.

प्रश्न : मुलगी वेबसाइट करून घ्यायला पैसे मागते आहे. गरज आहे का? (एक पालक)

उत्तर : नाही. ८ ते १० पानांची पीडीएफ पुरते. आकार ५ एमबीच्या आत ठेवायला सांगा, म्हणजे मोबाइलवरही पटकन उघडते. मोठ्या फाइली आणि आकड्यांचे तक्ते ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी. इथे दोन चुका हमखास होतात. लिंकची परवानगी ‘लिंक असणाऱ्या कोणालाही पाहता येईल’ अशी केलेली नसते. ती स्वतःच्या खात्यात नेहमी उघडते, म्हणून दुसऱ्याच्या फोनवर तपासावी. दुसरी चूक, सगळं कॉलेजच्या ईमेल खात्यात ठेवणं. पदवीनंतर ते खातं बंद झालं की सगळ्या लिंक मरतात. खातं स्वतःचं असावं.

प्रश्न : आमचा चौघांचा गट प्रकल्प होता. तो माझ्या पोर्टफोलिओत टाकता येईल का?

उत्तर : येईल. वर चौघांचा प्रकल्प असं स्पष्ट लिहा आणि खाली तुमचा वाटा क्रियापदांत सांगा : ‘नमुने मी गोळा केले, टायट्रेशन दोघांनी केलं, आलेख माझे’. बाकी तिघांना ते वाक्य दाखवून घ्या. प्रकल्प सरांच्या किंवा मॅडमच्या चालू संशोधनाचा भाग असेल, तर आकडे बाहेर देण्याआधी त्यांची परवानगी घ्या. अप्रकाशित आकडे लिंकवर गेले तर त्यांचा शोधनिबंध अडचणीत येऊ शकतो. परवानगी नाही मिळाली तर फक्त पद्धत आणि तुमचं काम लिहा.

प्रश्न : हे सगळं कधी सुरू करावं? टी.वाय.ला वेळ मिळतो असं सीनियर्स म्हणतात.

उत्तर : तोपर्यंत उशीर होतो. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागतात आणि त्यात तुम्हाला काय करायचंय ते लिहून द्यायचं असतं. चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि त्या वर्षात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. कोणाकडे करायचा हे ठरवताना दाखवायला काही हातात असलेलं बरं.

एफ.वाय.च्या दिवाळीच्या सुट्टीत पहिलं प्रॅक्टिकल दोन पानांत लिहा. पुढे दर सत्राला एक. टी.वाय.ला पोचेपर्यंत चार-पाच होतील, त्यातली तीन निवडा. बाहेरच्या प्राध्यापकांना मेल करताना पाच-सहा ओळी पुरेत : तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या कामाशी तुमचा कोणता प्रयोग जुळतो, कोणते आठ आठवडे तुम्ही मोकळे आहात. पीडीएफ जोडा आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव घाला. ‘फायनल २’ नावाची फाइल त्यांना नंतर सापडत नाही. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी त्याच मेलवर एकदा आठवण करा.