त्याचं हेल्मेट तुम्ही का रंगवलंत?

मुलाला बारावीत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले, तो जुन्या लष्करी हेल्मेटांच्या नादी लागलाय आणि 'यात करिअर होतं का?' असं तुम्ही विचारलंय. माझी नजर मात्र पत्राच्या शेवटाशी अडली. त्याला खूश करायला त्याचं गंजलेलं जर्मन हेल्मेट तुम्ही न विचारता गॅरेजमध्ये घासून, रंगवून नवंकोरं केलंत. तेव्हापासून त्याने अबोला धरलाय. याला तुम्ही कृतघ्नपणा म्हणता. मी नाही म्हणणार.

जुनी वस्तू दुरुस्त करणं म्हणजे ती नव्यासारखी चकचकीत करणं, हा फार मोठा गैरसमज आहे. मूळ रंग, त्यावर मागाहून चढलेले थर, आतल्या चामड्याची झीज, रिव्हेटभोवतीचा गंज हे सगळं एकमेकांशी जुळतं का, यावरून वस्तू अस्सल आहे की नाही ते ठरतं. या व्यवहारात नेहमीची फसवणूक म्हणजे टोप खरा जुना, वरचं चिन्ह मात्र नंतर चिकटवलेलं. ते पकडायला लागणारा पुरावाच सँडपेपरने गेला. संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जपणारा तज्ज्ञ, कमीत कमी हात लावतो. सुटू पाहणारा रंगाचा पापुद्रा पॅरालॉइड बी-७२ सारख्या, पुढे विरघळवून काढता येणाऱ्या रेझिनने धरून ठेवतो, वस्तू दमट हवेपासून जपतो आणि काय केलं ते लिहून ठेवतो.

तुमचा मुलगाही लिहून ठेवतोच की! १९४० च्या मॉडेलची कड आत दुमडलेली असते, १९४२ च्या मॉडेलची न दुमडता उघडी ठेवलेली, किंचित बाहेर झुकलेली, हे त्याने वहीत चित्र काढून नोंदवलंय. तुम्ही ते 'टाइमपास' म्हणून कळवलंत. मला त्यात बारीक नजर आणि चिकाटी दिसते, आणि ती शिकवणीने येत नाही.

खरेदी-विक्रीच्या भरवशावर मात्र त्याने आयुष्य उभं करू नये. संग्रहालयांतल्या जागाही थोड्याच असतात. म्हणून रसायनशास्त्र किंवा धातुशास्त्रात पदवी आणि मग संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण. उद्या संग्रहालयात जागा मिळाली नाही तरी धातूचं ज्ञान पोटाला कामी येईल. प्रवेश परीक्षा द्याव्यात, त्याबद्दल वाद नाही.

पण 'पुढच्या परीक्षेत नव्वद टक्के आण, नाहीतर सगळी हेल्मेटं विकून टाकतो' ही धमकी आजच मागे घ्या. त्याच्या वस्तू ओलीस ठेवून अभ्यास होणार नाही, फक्त तो तुमच्यापासून गोष्टी लपवायला शिकेल. 'न विचारता हात लावला, चुकलं' एवढं त्याला सरळ सांगा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा गॅरेजमधली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि तो नवा रंग उतरवायचा की तसाच ठेवायचा, हे त्यालाच ठरवू द्या.